सातबाऱ्याच्या आतले आणि बाहेरचे

१८७३ साली न्यूयॉर्कमध्ये इव्हँजेलिकल अलायन्सची जागतिक परिषद भरली. तिथे भाषण करणाऱ्यांत एक मराठी गृहस्थ होते, रेव्हरंड नारायण शेषाद्री. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले हे ब्राह्मण. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, पुन्हा हिंदू धर्मात घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मराठी इतिहासात तो भाऊ राहिला. नारायणराव मात्र पाठ्यपुस्तकांतून निसटले. जालन्याने तरी त्यांना विसरायला नको होते. कारण त्यांच्या कामाचे केंद्र जालना होते. धर्मांतर केलेल्या, मुख्यतः मातंग आणि महार समाजातल्या कुटुंबांसाठी त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे एक स्वतंत्र गाव वसवले. त्यासाठी जमीन मिळाली ती निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. शाळा, चर्च, घरे, शेती, सगळे त्या जमिनीवर उभे राहिले.

धर्मांतराबद्दल कुणाचे मत काहीही असो, शेषाद्रींना एक गोष्ट नीट कळली होती. माणसाचा देव बदलला तरी त्याचे घर गावकुसाबाहेर आणि दुसऱ्याच्या मर्जीवर असेल तर फार काही बदलत नाही. त्यांनी आधी जमीन मिळवली. ते ज्या वर्षी अमेरिकेत होते, त्या वर्षी तिथल्या गुलामांना मुक्त होऊन आठ वर्षे झाली होती. १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मनने दक्षिणेच्या किनारपट्टीवरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांनी वाटण्याचा हुकूम काढला होता, आणि त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने ती बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांना परत देऊन टाकली. स्वातंत्र्य मिळाले, मतदानाचा हक्कही मिळाला. कागद मात्र मिळाला नाही. पुढच्या दीडशे वर्षांत अमेरिकेच्या वस्त्यांमध्ये जे घडले त्याचे मूळ शोधायचे तर ते या परत घेतलेल्या चाळीस एकरांत बरेचसे सापडते.

हे सगळे जालन्यात बसून लिहायचे कारण असे की, आपल्याकडे एक समजूत फार घट्ट आहे: शहर वाढले की जात पातळ होते. तिला आधार नाही असे नाही. डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना गाव सोडायला सांगितले ते उगाच नाही. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले आणि मराठवाड्यातल्या वाड्या-तांड्यांवरची पोरे तिथे येऊन प्राध्यापक, वकील, अधिकारी, कवी झाली. शहराने त्यांना जे दिले ते गावाने कधीच दिले नसते. पण शहराने घर कुठे दिले, हा वेगळा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की वस्तीवस्तीतला भेद टिकतो तो मनातल्या तिरस्कारापेक्षा जमिनीच्या कागदामुळे. तिरस्कार पिढीगणिक थोडा ओसरतो. कागद वारसाहक्काने पुढच्या पिढीच्या नावावर चढतो.

अमेरिकेची उपनगरे कशी तयार झाली ते पाहिले तर हे स्वच्छ दिसते. १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारने घरकर्जांची हमी घ्यायला सुरुवात केली. त्याच काळात एका सरकारी संस्थेने शहराशहरांचे नकाशे काढून घेतले. कर्ज द्यायला धोक्याचे भाग त्यांत लाल रंगवले आणि काळ्या लोकांच्या वस्त्या बहुतेक लालच निघाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना स्वस्त कर्ज मिळाले. १९४७ मध्ये लाँग आयलंडवर लेविटटाउन उभे राहिले, एकसारखी हजारो घरे, आणि करारात अट की गोऱ्यांखेरीज कुणी तिथे राहायचे नाही. ज्या गोऱ्या मजुराने तेव्हा ते घर घेतले, त्याच्या नातवाच्या हाती आज लाखो डॉलरची मालमत्ता आहे. त्याच्याच कारखान्यात तेवढ्याच पगारावर काम करणारा काळा मजूर भाड्याने राहिला. त्याच्या नातवाच्या हाती भाड्याच्या पावत्या आल्या. दोघांच्या कष्टांत फरक नव्हता.

आता जालन्याच्या मंठा रोडने, अंबड रोडने किंवा भोकरदन नाक्यावरून बाहेर पडा. दुतर्फा प्लॉटिंगच्या पाट्या: एनए-४४, क्लिअर टायटल, रस्ते-नाली-लाईट, बँक लोन उपलब्ध. दहा वर्षांपूर्वी तिथे कापूस होता. १९८१ मध्ये जिल्हा झाला तेव्हाचे जालना आणि २०२३ मध्ये महापालिका झालेले जालना यांच्या मध्ये सळईचे कारखाने आले, महिकोपासून सुरू झालेला बियाण्यांचा धंदा वाढला, समृद्धी महामार्ग आला. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २ लाख ३५ हजार होती, २०११ मध्ये ती २ लाख ८५ हजारांवर गेली. त्यानंतर मोजणीच झालेली नाही, पण शहर कुठवर पसरले ते पाट्या सांगतात. या प्लॉटांच्या जमिनी कुणाच्या नावावर होत्या? ज्यांच्या सातबाऱ्यावर होत्या त्यांच्या. हे वाक्य बाळबोध वाटेल, पण सगळे यातच आहे. ज्याच्या आजोबाला कोरडवाहू दहा एकर होती, जी चार दुष्काळांत त्याने शिव्या देत कसली, त्याचा नातू त्या दहा एकरांचा लेआऊट पाडून कोट्यधीश झाला. त्यात त्याचा गुन्हा काही नाही. पण त्याच गावच्या दलित वस्तीतल्या, त्याच्याच शेतात सालगडी राहिलेल्या माणसाच्या नातवाला त्या वाढीतून मिळाले ते प्लॉटवर गवंड्याच्या हाताखालचे काम.

दलित कुटुंबाकडे जमीन असली तर ती बहुधा गायरान. तिचा इतिहास मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्यानंतर लोकांनी गावोगाव गायरानाचे दगड वेचून ती वहितीखाली आणली, त्यासाठी मार खाल्ला, उभी पिके गुरांना चारलेली पाहिली. १९९१ मध्ये सरकारने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमानुकूल करायचा निर्णय घेतला. निर्णय झाला, पण अनेकांचे सातबारे झाले नाहीत. तलाठी बदलला, पंचनामा हरवला, दंडाच्या पावत्या उंदरांनी खाल्ल्या. (दंडाची पावती हा गायरानधारकाचा सर्वांत मौल्यवान दस्तऐवज असतो. सरकारने चोर ठरवल्याचा पुरावा जपून ठेवायचा, कारण तोच मालकीचा एकमेव पुरावा.) २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरचे अतिक्रमण काढायला सांगितले, आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या गायरानांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतल्यावर नोटिसा निघू लागल्या. जगपालसिंग निकालाने भूमिहीनांना दिलेल्या जमिनी अपवाद म्हणून मान्य केल्या आहेत. तो अपवाद मिळवायला पुन्हा कागदच लागतो.

समृद्धी महामार्गासाठी सरकारने थेट खरेदीने जमीन घेतली तेव्हा ग्रामीण भागात सरकारी दराच्या पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला. बदनापूर आणि जालना तालुक्यांत त्या पैशांतून बंगले झाले, गाड्या आल्या, पोरे पुण्याला शिकायला गेली. गायरान मात्र सरकारचेच. सरकार स्वतःलाच कशाला मोबदला देईल? महामार्ग एकच, त्याच शिवारातून गेला, एकाच आठवड्यात दोन शेजाऱ्यांकडे वेगवेगळे कागद आले. अमेरिकेत लाल रंगाने जे केले ते इथे महसुली नोंदीने केले. त्यासाठी कुणाला द्वेष करावा लागला नाही.

बँकही याच कागदाकडे बघते. एनए लेआऊटमधल्या प्लॉटला गृहकर्ज मिळते. शंभर रुपयांच्या बाँडवर घेतलेल्या गुंठ्या-दीड गुंठ्याला, नमुना नंबर आठवर असलेल्या घराला किंवा वर्ग-२ च्या जमिनीवरच्या खोलीला राष्ट्रीयीकृत बँक दारात उभे करत नाही. मग खाजगी फायनान्सचे चढे व्याज. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून डिसेंबर २०२० पर्यंतच्या वस्त्या त्यात आणल्या. पण विकासशुल्क भरायचे तेही रहिवाशानेच, म्हणजे ज्याला आधीच महाग पडले त्यालाच पुन्हा.

हे सांगताना मी उघड भेदभावाला सूट देतो आहे असे कुणी समजू नये. खोली भाड्याने घ्यायला गेलेल्या माणसाला आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि आडनावावरून अंदाज लागला नाही तर ‘आमच्याकडं नॉनव्हेज चालत नाही’. मुसलमान भाडेकरूला नाव सांगितल्यावर पुढचा प्रश्नच येत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात याचाच प्रयोग केला होता. सारख्या नोकरीची, सारख्या पगाराची, फक्त वेगळ्या नावांची माणसे घर मागायला पाठवली. उच्चवर्णीय नावांना घरे मिळाली, दलितांना अनेक ठिकाणी नकार किंवा वाढीव अटी मिळाल्या, आणि मुसलमानांचे हाल सर्वांत जास्त झाले. जालन्यात असा प्रयोग झाल्याचे ऐकिवात नाही. केला तर निकाल काय येईल यावर पैज लावायला कुणी तयार होणार नाही.

गंमत म्हणजे आपला कायदा अमेरिकेच्या आधीचा आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात असे ठरवले की वंशाच्या अटी घालणारे करार न्यायालये अमलात आणणार नाहीत. पण घर देताना भेद करणे बेकायदेशीर ठरायला १९६८ उजाडले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात तो कायदा झाला. आपल्याकडे १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कोणत्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला किंवा राहायला अडवणे हा गुन्हा आहे. तेरा वर्षे आधी! ते कलम घरमालकांना माहीत नाही, भाडेकरूंना माहीत नाही आणि ठाण्यातल्या हवालदारालाही बहुधा नाही. अमेरिकेत कायद्यामागे यंत्रणा आली. बनावट गिऱ्हाईक पाठवून नकार पकडायची पद्धत रूढ झाली आणि १९८२ मध्ये अशा गिऱ्हाइकालाही दावा लावायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने दिला. आपण उलट दिशेने चाललो. २००५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवायची मुभा दिली. छोट्या समाजाची वस्ती जपायचा तो युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण तोच युक्तिवाद उद्या बहुसंख्याकांच्या सोसायटीने केला तर?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. भीमनगर, मिलिंदनगर, सिद्धार्थनगर अशा वस्त्यांतले लोक म्हणतील, आम्हाला तुमच्या कॉलनीत यायचेच कशाला? १९७८ मध्ये विद्यापीठ नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात गावोगाव दलितांची घरे जळाली. तेव्हा एकट्यादुकट्या घराचे काय होते ते लोकांनी पाहिले. बुद्धविहार, चौदा एप्रिलची मिरवणूक, रात्री-अपरात्री हाकेला धावणारी माणसे हे सगळे एकवस्तीत राहिल्यानेच मिळते. शिवाय राखीव जागा ठरतात त्या प्रभागातल्या अनुसूचित जातींच्या लोकसंख्येवरून. वस्ती विखुरली तर नगरसेवकही गेला. १९४२ च्या नागपूरच्या परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली ती याच अनुभवातून. हे सारे मला मान्य आहे. शेजार निवडायचा हक्क दलितांनाही आहे, मुसलमानांनाही. पण निवड आणि नाइलाज यांतला फरक ओळखायची साधी खूण आहे: बाहेर पडायचे ठरवले तर पडता येते का? आणि वस्तीत राहायचे ठरवले तर तिथे पाणी, गटार, दवाखाना बाकीच्यांइतकाच येतो का? अलीकडे सॅम अॅशर, पॉल नोवोसाड आदींनी देशभरातल्या सुमारे १५ लाख वस्त्यांची आकडेवारी तपासली. अनुसूचित जाती आणि मुसलमान यांचे वेगळे पडणे अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांच्या वेगळेपणाच्या जवळपास जाते, आणि त्यांच्या वस्त्यांत सरकारी शाळा-दवाखान्यांसारख्या सोयी कमी असतात, असे त्यांना आढळले. शहरांत हे वेगळेपण गावांपेक्षा कमी असेल, हा अंदाजही टिकला नाही.

जालन्यात नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येते तेव्हा हे सर्वांत स्पष्ट दिसते. तोटा सगळ्यांना, पण नव्या कॉलनीत बोअर आहे, जमिनीत टाकी आहे, जार येतो. ज्या घराला टाकी बांधायला जागाच नाही तिथे दहा दिवसांचे पाणी साठवायचे कशात? २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरच्या रांगेत कोण उभे होते आणि टँकर कुणाच्या दारात रिकामा झाला, हे जालनेकर विसरले नसतील.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशा पाट्या जाऊन समतानगर, क्रांतीनगर आले. चांगले झाले, कुणाही मुलाला पत्ता सांगताना मान खाली घालावी लागू नये. पण ग्रामपंचायतीच्या नोंदीत घराखालची जमीन कुणाची, हा रकाना होता तसाच राहिला.

या शहरात एक तिसरा जथ्था आहे, ज्याच्याबद्दल आपण बोलतच नाही. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या आणि रोलिंग मिल ज्यांच्या जिवावर चालतात ती बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, मध्य प्रदेशातली माणसे. चंदनझिऱ्याच्या बाजूला एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी, कुठे कारखान्याच्या आवारातच राहणारी. जालन्याची लोकसंख्या बदलली ती यांच्यामुळे, आणि बदललेल्या जालन्यात यांची नोंद कुठेच नाही. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात काम करून टाळेबंदीत पायी निघालेले हे लोक मध्य प्रदेशातले होते. सगळ्या देशाने रुळांवर पसरलेल्या भाकऱ्या पाहिल्या. ते जालन्यात राहत होते, इथली सळई ओतत होते. पण मरेपर्यंत ते कुणाच्या वॉर्डातले नव्हते, आणि मेल्यावर ते औरंगाबादच्या बातमीत गेले.

अमेरिकेतले फर्ग्युसन हे सेंट लुईसचे उपनगर यासाठी आठवावे. १९९० मध्ये तिथे तीन-चतुर्थांश लोक गोरे होते, २०१० पर्यंत दोन-तृतीयांश काळे झाले. वीस वर्षांत वस्ती उलटली. सत्ता उलटली नाही. २०१४ मध्ये मायकेल ब्राउन या तरुणाला पोलिसाने गोळी घातली तेव्हा नगरपरिषद आणि पोलीस दल जवळजवळ पूर्ण गोरेच होते. पुढच्या वर्षी केंद्रीय न्याय खात्याच्या चौकशीत निघाले की नगरपालिका आपला खर्च भागवायला काळ्या रहिवाशांकडून किरकोळ कारणांचे दंड वसूल करत होती. लोकसंख्येचे आकडे बदलले की न्याय आपोआप येतो, हा भ्रम फर्ग्युसनने फोडला. आपल्याकडे राखीव प्रभागांमुळे दलितांपुरता तरी तो धोका कमी आहे, आणि ही आपल्या संविधानाची मोठी कमाई. परप्रांतीय मजुराला मात्र ना राखीव जागा, ना मतदार यादीत नाव.

आणि जालन्याची जी मुले न्यू जर्सीत आहेत, एडिसनला, प्लेन्सबरोला? त्यांनी घर घेताना पहिल्यांदा काय पाहिले ते त्यांना विचारा: शाळेचे मानांकन. तिथल्या शाळांचा पैसा मोठ्या प्रमाणात त्या भागातल्या घरपट्टीतून येतो, म्हणून महाग घरांच्या भागात चांगली शाळा, आणि चांगल्या शाळेमुळे घरे आणखी महाग. डेट्रॉइटच्या मिलिकेन खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपनगरांच्या सीमा ओलांडून शाळांची सरमिसळ करायला नकार दिला. ती रेघ आजही कायम आहे. मराठी माणूस तिथे गोरा नाही, १९८७ मध्ये जर्सी सिटीत भारतीयांना मारहाण करणाऱ्या टोळ्या त्याने पाहिल्या आहेत. तरी घर घेताना तो त्याच रेघेच्या आतल्या बाजूला जातो, आणि हे सगळे आपल्या कष्टाचे फळ मानतो. त्याच्या बापाने जालन्यात जिल्हा परिषदेची शाळा सोडून पोराला इंग्रजी शाळेत घातले तेव्हाही हिशोब तोच होता. दोष देण्यासारखे त्यात काही नाही. फक्त सगळ्यांचे सगळे शहाणपणाचे निर्णय मिळून तीच रेघ पक्की करतात.

त्यामुळे शेजारधर्माच्या व्याख्यानांवर माझा फारसा भरवसा नाही. जे करायचे ते कागदावर करायला हवे. १९९१ च्या निर्णयातले पात्र गायरानधारक तालुक्यातालुक्यात शिबिरे घेऊन सातबाऱ्यावर आणणे. गुंठेवारीचे शुल्क उत्पन्न पाहून माफ करणे. पाण्याच्या टाक्या आणि जलवाहिन्यांचा प्रभागवार नकाशा महापालिकेने जाहीर करणे. १९५५ च्या कायद्याखाली घर नाकारल्याची एक तरी तक्रार नीट चालवून दाखवणे. पुढची जनगणना २०२७ मध्ये जातवार होणार आहे. ती वस्तीपातळीवर खुली झाली तर वाद अंदाजावर न चालता आकड्यांवर चालेल. अमेरिकेत निदान ते होते.

आणि सर्वांत नजीकचे काम विकास आराखड्याचे. महापालिका झाल्यावर कुठल्या शिवारात रस्ता, कुठे बगीचा, कुठे गरिबांची घरे हे त्यातून ठरत जाणार. मसुदा लागला की तो वाचायला बिल्डर, दलाल आणि त्यांचे वकील पहिल्या दिवशी हजर असतात. गायरानावरच्या घरांवर बगीच्याचे आरक्षण पडले असेल तर ते तिथल्या लोकांना जेसीबी आल्यावर कळते. कायद्याने हरकत कुणालाही घेता येते, साध्या कागदावर, ठरलेल्या मुदतीत. तिला सातबारा जोडावा लागत नाही.